केरबा मिस्त्रीचा सोमवार

माणसानं किती चांगलं असावं, याला काही माप आहे का? मला विचाराल तर आहे. केरबाइतकं असू नये. माणसं मरतात.

मी सयाजी. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत एकोणतीस वर्षं स्टोअर सांभाळलं. रिटायर झाल्यावर घरात बसून बायकोचं डोकं खाण्यापेक्षा बरं, म्हणून गणपतरावांच्या माळावर जायला लागलो, तर तिथंही माझ्या नशिबी स्टोअरच आलं. सिमेंट, सळी, घमेली, थाप्या, सगळ्याची किल्ली माझ्याकडं. सह्या केल्याशिवाय मी कुणाला खिळा देत नाही. लोक मागं शिव्या घालतात, घालू देत.

माळावर काय चाललं होतं ते सांगतो. एकोणीसच्या पुरानं नदीकाठची कच्ची घरं धुऊन नेली. जी उरली होती ती एकवीसला गेली. गणपतराव म्हणजे ऊस लावणारा साधा शेतकरी गडी, पण त्यांनी आपला दीड एकर माळ देऊन टाकला. म्हणाले, "तितं कुसळाशिवाय काय उगवत न्हाय. घरं तर उगवू द्यात." शहरातल्या चार शहाण्या माणसांनी ट्रस्ट काढला. कुणी विटा दिल्या, कुणी सिमेंट, कुणी जुन्या बंगल्याच्या चांगल्या खिडक्या काढून दिल्या. चोवीस घरं बांधायची ठरली. फुकट कुणालाच नाही. परवडेल तेवढा हप्ता भरायचा, आपलं घर मिळायच्या आधी दुसऱ्यांच्या घरावर राबायचं, आणि घराचा कागद बाईच्या नावावर. शिवाय दर रविवारी शहरातनं हौशी माणसं यायची, आपल्या हातानं बांधायला. कॉलेजची पोरं, मास्तरणी, बँकेतले साहेब, वकील. डोक्यावर टोप्या, हातात मोजे.

त्यांचा पुढारी उन्मेष. दाताचा डॉक्टर, चाळिशीचा, सोन्यासारखा माणूस. लोकांचे वाकडे दात सरळ करण्यात त्याची हयात चाललेली, पण भिंत काही त्याच्या हातनं सरळ येईना. त्याचीच नाही, कुणाचीच येईना. यायची तरी कशी? वीट रचणं म्हणजे काय पत्त्यांचा डाव आहे?

आणि या सगळ्यांच्या डोक्यावर मिस्त्री म्हणून आमचा केरबा.

केरबा मूळचा कुरुंदवाडकडचा. बाराव्या वर्षी मामाच्या हाताखाली घमेलं उचललं, ते अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत खाली ठेवलं नाही. काळा, काटक, बोलायला कमी. कोल्हापुरात त्यानं किती घरं बांधली याचा हिशेब त्यालाही नव्हता. कुठल्याही रस्त्यानं चाललो की तो नुसता हनुवटीनं दाखवायचा, "ह्ये माझं. त्येच्या पलीकडलंबी माझंच." आणि स्वतः बायकोला घेऊन नदीकाठी पत्र्याच्या शेडात. एकुलती लेक क्रांती, ती लग्न करून इचलकरंजीला गेली.

त्याची बायको झुंबरबाई. ती मात्र बोलायला कमी नव्हती. मला भावजी म्हणायची. "भावजी, ह्येंनी समद्या गावाला घरं दिली बगा. मला पत्रा दिला. त्योबी भोकाचा." तिच्याकडं एक लोखंडी पेटी होती, माहेरची. दोन्ही पुरांत तिनं ती डोक्यावर घेऊन छातीभर पाण्यातनं बाहेर काढलेली. तेव्हापासून पेटी चार विटांवर. जून आला की आठ विटांवर. "मला ही पेटी एकदा भुईवर ठिवायची हाय," म्हणायची, "आन इसरून जायाचं, की पाऊस आलाय." एवढंच तिचं मागणं. बंगला नको, गाडी नको. पाऊस आलेला विसरता आला पाहिजे.

घरांचे नंबर ठरले तेव्हा केरबानं आपणहून शेवटचा मागून घेतला, चोवीस. "मिस्त्रीनं आदी आपलं बांदून घेटलं, असं कुणी म्हणाय नगं." झुंबरबाई दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी माझ्यापुढं येऊन म्हणाली, "भावजी, ह्या मानसाला देवानं घडवताना अक्कल घालायची इसारली, आन माया दोनदा घाटली." आणि पदर खोचून दुसऱ्याच्या घराच्या विटा वाहायला गेली.

आता सोमवारचं सांगतो, कारण सगळं त्या सोमवारातच आहे.

पहिल्याच रविवारी उन्मेषच्या टोळीनं तीन फूट भिंत उभी केली. टाळ्या वाजवल्या, फोटो काढले, झुणका-भाकरी खाल्ली आणि गेले. सोमवारी सकाळी सातला केरबा आला. त्याच्याकडं मामानं दिलेला पितळी ओळंबा होता. दोरीला बांधलेलं वजन हो, भिंतीच्या कडेनं सोडलं की भिंत सरळ का तिरकी ते लगेच कळतं. त्यानं तो सोडला, डावा डोळा मिटून बघितलं, म्हणाला, "हं." आणि मुकाट्यानं अख्खी भिंत उतरवायला लागला.

मी म्हटलं, "अरे, त्यांना सांग की! शिकतील."

"सयाजीराव, दवाखाना बंद ठिवून उनात आलाय त्यो. हाताला ह्ये फोड आल्यात. त्येला कसं म्हणू, साहेब तुमी केल्यालं समदं वाया गेलं? पावण्याकडं जेवाय गेल्यावर मीठ न्हाय म्हणतो का आपुन? गुमान जेवतो."

"भिंत म्हणजे आमटी न्हाय, केरबा."

"म्हणून तर उतरवतोय," तो म्हणाला.

तिथनं हा रिवाजच पडला. रविवारी शहर बांधायचं, सोमवारी केरबा पाडायचा. वसाहतीतल्या बायका विटांवरचं सिमेंट खरवडायच्या, मंगळवारपर्यंत भिंत परत उभी, सुतात. पुढच्या रविवारी टोळी यायची, भिंतीवरनं हात फिरवायची. "बघ, कसली सरळ आलीय! आपण बांधलीय ही!" झुंबरबाई पदराचा बोळा तोंडात कोंबून स्टोअरच्या मागं पळायची हसायला. अख्ख्या वसाहतीला माहीत, पण एकानं तोंड उघडलं नाही. उन्मेष विचारायचा, "मिस्त्री, बरोबर आहे ना?" आणि केरबाचं ठरलेलं उत्तर, "लायनीत हाय की, साहेब."

तीन वर्षं. तेवीस घरं. काम दुप्पट, पण कुणाचं मन मोडलं नाही. मीही हसत होतो, खोटं कशाला सांगू. मला ती गंमत वाटायची. आपल्या माणसांच्या मोठ्या मनाचा अभिमानसुद्धा वाटायचा. आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

चोविसाव्या घराची पाळी आली. पाया आणि जोतं केरबानं स्वतः केलं होतं. मे महिन्यात एका रविवारी उन्मेषनं सगळ्यांना गोळा केलं आणि जाहीर केलं, "मिस्त्रींनी तीन वर्षं सगळ्यांची घरं बांधली. आता त्यांचं घर आम्ही बांधणार. मिस्त्रींनी एका विटेला हात लावायचा नाही. आज ते मालक!"

टाळ्यांचा कडकडाट. बायकांच्या डोळ्यांत पाणी. झुंबरबाई तर लाजून लाल. मी केरबाकडं बघितलं, त्याचं तोंड उतरलं होतं.

त्याला फेटा बांधला, हार घातला, प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं. आणि समोर कामाला सुरुवात. विटा पाण्यात भिजवल्याच नाहीत. कोरडी वीट मालातलं पाणी पिऊन टाकते, मग सिमेंट धरत नाही, हे आमच्याकडं शेंबड्या पोराला ठाऊक. केरबा उठला. उन्मेषनं खांदे धरून परत बसवला, "बसा हो! आज सुट्टी!" एका दिवसात भिंत चार फुटांवर चढवायची नाही, खालचा थर आधी वाळू द्यायचा. यांना उत्साह आला. उन्हं कलेपर्यंत मागची भिंत आठ फूट. पुढच्या आणि बाजूच्या भिंती गुडघ्याएवढ्या, त्या म्हणे पुढच्या रविवारी. आठ फुटांची ती एकटी भिंत माळावर उभी. केरबा दोनदा उठला, दोनदा बसवला. तिसऱ्यांदा त्यानं माझ्याकडं बघितलं. मी फोटोत नीट येतोय का, ते बघत होतो.

मग उन्मेषची बायको ऋता, ती शाळेत शिकवते, तिनं परातीत कुंकू कालवलं. बांधणाऱ्या प्रत्येकानं भिंतीवर पंजा उमटवायचा आणि खाली नाव लिहायचं. चौतीस पंजे उमटले. तिनं झुंबरबाईला पुढं ओढलं, "काकू, तुमचा हात मधोमध."

"न्हाय बाई," झुंबरबाई म्हणाली, "माजा वास्तुशांतीला. दाराच्या आत, उजव्या अंगाला. ती जागा मी धरून ठिवल्या."

सोमवारी सातला केरबा आला. मी स्टोअर उघडत होतो. त्यानं भिंतीवर चढून ओळंबा सोडला. वर भिंतीला टेकलेली दोरी खाली भिंतीपासून चार बोटं लांब लटकत होती. भिंत घराच्या आतल्या बाजूला झुकलेली. केरबा खाली उतरला आणि हातोडा उचलला.

झुंबरबाई भिंतीच्या आडवी उभी राहिली. "ह्ये काय करतासा?"

"पाडतो. चुकल्या."

"माज्या घरावर पयलं कुंकू लागलंय. चौतीस मानसांनी हात ठिवलंय. घर उभारायच्या आदीच कुंकू पुसतासा व्हय?"

"अगं, भिंत वाकडी हाय!"

"असू द्या वाकडी. तेवीस घरांत तुमी तुमचं खरं केलंसा. ह्ये माजं हाय."

केरबा तिच्यापुढं कधी जिंकला नव्हता. त्यानं माझ्याकडं बघितलं. "सयाजीराव, तुमी सांगा. ऱ्हाऊ द्याची न्हाय ही. तुमी सांगितलं तर आयकंल."

इथं मी बोलायला हवं होतं. एकच वाक्य. "वहिनी, बाजूला व्हा." संपलं असतं. पण मला काय दिसलं? रविवारी टोळी येणार. भिंत बघणार, पंजे नाहीत. मग काय सांगायचं? तीन वर्षांचं गुपित फुटणार. उन्मेषचं तोंड कसं होईल, तेवढंच मला दिसलं. मी म्हटलं, "राहू दे रे केरबा. बाकीच्या भिंती आल्या की धरून ठेवतील तिला. दोन टेकू लाव. एवढ्यानं काय आभाळ कोसळतंय का?"

मी, स्टोअरकीपर. खिळे मोजणारा. मी मिस्त्रीला भिंत शिकवली.

त्यानं हातोडा खाली ठेवला. मग म्हणाला, "तुमी म्हणताय तर ऱ्हाऊ दे." आतल्या बाजूनं दोन वाशांचे टेकू लावले आणि एकोणीस नंबरच्या गिलाव्याला गेला. पण त्या आठवड्यात तो दिवसातनं पाच-पाच वेळा येऊन त्या टेकूंना हात लावून जायचा.

गुरुवारी दुपारी वळीव आला. नव्या भिंतीवर रोज दोनदा पाणी मारायचं असतं, ते मालकिणीचं काम. झुंबरबाई बादली आणि तांब्या घेऊन तिथंच होती. आभाळ भरून आलं, वारा सुटला, आणि माझ्या स्टोअरचे पत्रे उडायला लागले म्हणून मी ते धरायला धावलो. पाऊस आडवा मारत होता, मागच्या बाजूनं. माळावर आडोसा एकच, ती आठ फुटी भिंत. माणूस काय करेल? ती आतल्या अंगाला भिंतीला चिकटून उभी राहिली. आपल्याच घरात.

विटांचा ट्रॅक्टर रिकामा करतात तसा आवाज झाला. मला वाटलं कुणी विटा उतरवतंय. अशा पावसात कोण विटा उतरवेल, हे कळायला मला दोन क्षण लागले.

ओल्या मातीत टेकू सरकले होते. केरबा माझ्या आधी पोचला होता. दोन्ही हातांनी विटा उचलत होता. आम्ही सगळे उचलायला लागलो. आणि मी बघितलं, तो अख्ख्या विटा डावीकडं ठेवत होता आणि फुटक्या उजवीकडं. शेहेचाळीस वर्षांची सवय, हात आपसूक करत होते. मी ओरडलो, "अरे फेक की, मर्दा! फेक!" त्यानं माझ्याकडं बघितलं, त्याला मी काय म्हणतोय ते कळलंच नाही.

कोल्हापूरच्या दवाखान्यात पोचायच्या आधीच ती गेली. वाटेत तावडे हॉटेलच्या चौकात तिनं डोळे उघडले होते, केरबाचा हात धरला आणि म्हणाली, "पेटी." बास. पुढं काही नाही.

पेपरात चार ओळी आल्या. वादळी पावसानं भिंत कोसळून महिला ठार. पंचनाम्यात तेच. वारा सुटला, भिंत पडली, दोष कुणाचा? वाऱ्याचा. उन्मेष मयतीला आला आणि लहान पोरागत रडला. "आमच्या हातची भिंत, मिस्त्री. आमच्या हातची." आणि केरबा त्याच्या पाठीवरनं हात फिरवत होता. ज्याची बायको गेली तो, ज्यानं भिंत बांधली त्याची समजूत काढत होता. "निसर्गाफुडं कुणाचं चालतंय, साहेब?" मी शेजारीच उभा होतो. माझ्या तोंडाला कुलूप आणि त्याची किल्ली मलाच सापडेना.

राख सावडल्यावर चौथ्या दिवशी केरबा कामावर आला. क्रांती न्यायला आली होती, म्हणत होती, "आबा, चला माज्याकडं." तो म्हणाला, "कागद तिच्या नावाचा हाय. घर पुरं व्हाया पायजे." पडलेल्या भिंतीच्या विटा त्यानं एकट्यानं साफ केल्या. कुंकू लागलेल्यासुद्धा. त्या बाजूला काढल्या नाहीत, जपून ठेवल्या नाहीत, इतर विटांबरोबर पुढच्या आणि बाजूच्या भिंतींच्या थरात लावून टाकल्या. मी बघत होतो, तो माझ्याशी कामापुरतंच बोलायचा. "दोन पोती द्या." "सुतळी द्या." मी सही न घेता देत होतो.

बाराव्यानंतरच्या रविवारी टोळी आली. निम्मीच होती. उन्मेष म्हणाला, "ती भिंत आम्हीच परत बांधणार. आम्हाला बांधू द्या, मिस्त्री. नाहीतर मला झोप लागणार नाही." या वेळी खुर्ची नव्हती, फेटा नव्हता. केरबा जोत्याच्या कोपऱ्यावर बसून राहिला.

दोन फूट काम झालं. उन्मेषनं घाम पुसला आणि सवयीनं विचारलं, "मिस्त्री, बरोबर आहे ना?"

केरबा उठला. खिशातनं ओळंबा काढला, सगळ्यांच्या देखत सोडला. तीन वर्षांत त्यांनी तो कधी बघितला नव्हता. डावा डोळा मिटला.

"न्हाय," म्हणाला. "पाडा."

कुणाला काही सुधरेना. उन्मेष कसनुसं हसला. "एवढं चालत नाही का? आधीच्या घरांना आपण असंच तर—"

बायकांनी माना खाली घातल्या. एकीनं पदर डोळ्याला लावला. उन्मेषनं त्यांच्याकडं बघितलं, मग त्या तेवीस घरांकडं, मग माझ्याकडं. "सयाजीराव, आमच्या भिंती कुठल्या यातल्या?"

माझा बांध फुटला. "एकबी न्हाय!" मी ओरडलो. "एकबी न्हाय तुमची! दर सोमवारी पाडत होता ह्यो बाबा! तीन वर्षं! तुमचं मन ऱ्हावं म्हणून!"

उन्मेष तिथंच मातीत बसला. ऋतानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तो त्यानं बाजूला केला. मग मान वर न करता त्यानं विचारलं, अगदी हळू, "आणि ती? ती का नाही पाडली?"

माझ्या घशापर्यंत आलं होतं. मी राहू दे म्हटलं, मी. ओठ हललेसुद्धा.

केरबानं मला बोलूच दिलं नाही.

"ती लायनीत हुती, साहेब," तो म्हणाला. "वाऱ्यानं पडली. उठा, आता विटा भिजवा."

आणि हे म्हणताना तो उन्मेषकडं बघत नव्हता. माझ्याकडं बघत होता.